सीतेची वेणी आणि खंडाळ्याचे फादर

मृग लागता लागता इगतपुरीहून कसाऱ्याकडे किंवा त्र्यंबकहून जव्हारकडे जाण्याचा योग आला, तर एखाद्या जुन्या आंब्याखाली गाडी थांबवून मान वर करावी. खोडाच्या बेचक्यात जाड, पट्ट्यासारख्या पानांचा एक झुबका बसलेला दिसतो. पानांची टोके कात्रीने कापावीत तशी दुभंगलेली. मुळ्या पेन्सिलीएवढ्या जाड, पांढुरक्या, आणि जमिनीकडे जाण्याची कसलीही घाई न करता हवेतच लोंबणाऱ्या. नशीब चांगले असेल तर त्या झुबक्यातून गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचा वीतभर गजरा खाली ओघळलेला असतो.

बरोबरची मंडळी बहुधा ‘बांडगूळ’ म्हणून मोकळी होतात. हा त्या झाडावर अन्याय आहे. बांडगूळ आंब्याच्या अंगात मुळे खुपसते आणि त्याचा रस पिते. हे झाड आंब्याच्या घरी नुसते राहायला असते, त्याच्या चुलीवर जेवत नाही. त्याच्या मुळ्यांवर मेलेल्या पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे पाणी आणि हवेतला ओलावा ते टिपून घेते. भिजले की पांढरी मुळी हिरवट दिसू लागते. सालीच्या खाचेत साठलेल्या धुळीतून, कुजक्या पानांतून जे काही क्षार मिळतील तेवढ्यावर त्याचा संसार चालतो. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात भरपूर प्यायचे आणि पुढचे सात-आठ कोरडे महिने जाड पानांतल्या शिलकीवर काढायचे, असा त्याचा हिशेब. इंग्रजीत ऑर्किड आणि मराठीत आमरी म्हणतात ती ही जात.

आपल्या नाशिकला या फुलांशी एक वेगळे नाते सांगता येते. वनवासात पंचवटीला असताना रामाने सीतेच्या केसांत असाच रानातला गजरा माळला, म्हणून त्याचे नाव ‘सीतेची वेणी’, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. पंचाईत अशी की, कोणी हे नाव एका आमरीला देतो, कोणी दुसरीलाच. तिसरा त्याच फुलाला द्रौपदीचा गजरा म्हणतो. कथेला त्याने काही बाधा येत नाही. पण रानातून नेमके काय कमी होत चालले आहे, कोणत्या फुलाला जपायचे आहे, हे सांगायची वेळ आली की नेमके नाव लागते. ते नाव लावण्याच्या कामात ज्यांनी आपले आयुष्य घातले, त्यांच्यापैकी एक होते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. जन्माने स्पॅनिश, व्रताने जेझुइट, कामाने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि स्वतःच्या निवडीने भारतीय नागरिक.

त्यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३चा, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या ला गालेरा या लहानशा गावचा. तारागोना जिल्ह्याचा हा दक्षिण भाग एब्रो नदीच्या मुखाजवळ येतो. तरुणपणीच ते येशू संघात, म्हणजे जेझुइटांमध्ये दाखल झाले. या संघाचे शिक्षण म्हणजे चेष्टा नव्हे. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र, लॅटिन अशी वर्षानुवर्षांची शिदोरी बांधून मग माणसाला कामाला पाठवतात. सांतापाव १९२८ साली हिंदुस्थानात आले. पुढे वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी लंडन विद्यापीठात गेले, पिरेनीज आणि आल्प्सच्या डोंगरांत फिरले आणि क्यू इथल्या जगप्रसिद्ध वनस्पतिसंग्रहात त्यांनी काम केले. त्याच दशकात त्यांच्या मायदेशात यादवी युद्ध पेटले होते. १९३८ सालची एब्रोची लढाई तर त्यांच्या जन्मगावच्या परिसराजवळच झाली. १९४० साली ते परतले ते मुंबईला, सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून.

क्यूमध्ये असे काय असते की, सह्याद्रीतल्या फुलाचे नाव ठरवायला लंडनला जावे लागते? बँकेत काम केलेल्या माणसाला हे चटकन कळते. खाते उघडताना आपण नमुना सही घेतो. ते कार्ड जपून ठेवतो आणि पुढे येणारा प्रत्येक धनादेश त्या सहीशी ताडून पाहतो. वनस्पतीचेही तसेच आहे. नवी जात कोणी प्रथम जाहीर केली की, ज्या वाळवलेल्या फांदीवरून ती जाहीर केली, ती फांदी म्हणजे त्या नावाची नमुना सही. आमच्या डोंगरांतल्या कितीतरी झाडांची ही कार्डे इंग्रजांच्या राज्यात लंडनच्या कपाटांत जाऊन पडली होती. इथे खाते, तिथे सही. मधे सहा हजार मैलांचा समुद्र.

वर सांगितलेल्या आंब्यावरच्या पाहुणीचीच गोष्ट घ्या. तिच्या कुळाचे शास्त्रीय नाव एरिडीस. हवेला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यावरून ते पडले. म्हणजे हवेची लेक. हे नाव देणारा माणूसही जेझुइटच होता, हा योगायोग मला फार आवडतो. जुआंव द लूरेरो हा पोर्तुगीज धर्मप्रसारक अठराव्या शतकात कोचीन-चायना, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये तीसहून अधिक वर्षे राहिला. तिथल्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १७९० साली लिस्बनमध्ये छापला गेला आणि दुसऱ्याच वर्षी तो वारला. त्या ग्रंथात एरिडीस हे कूळ प्रथम अवतरले. हे कूळ अस्सल उष्णकटिबंधीय आशियाचे. आपल्या सह्याद्रीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, पुढे ब्रह्मदेश, सयाम, व्हिएतनाम करत थेट फिलिपाइन्सपर्यंत त्याच्या पंचवीस-तीस जाती पसरल्या आहेत.

सह्याद्रीच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्या आल्या. एरिडीस मॅक्युलोसा ही ठिपक्यांची; खोड आखूड, पाने ताठ, फुलांवर जांभळ्या ठिपक्यांची दाट शिंपण. एरिडीस क्रिस्पा तिच्याहून थोराड. तिचे खोड लांब आणि जांभळट, फुले मोठी, आणि फुलाची पुढची पाकळी कडेला चुणीदार, झालरीसारखी. तिसरी एरिडीस रिंजेन्स, लहान फुलांची, जरा अबोल. पहिल्या दोघींची नावे लंडनच्या जॉन लिंडलीने दिली. क्रिस्पाचे १८३३ साली, मॅक्युलोसाचे १८४५ साली. लिंडली मोठा पंडित होता, पण हिंदुस्थानात तो कधी आलाच नाही. आंब्यावर बसलेली, पावसात निथळणारी मॅक्युलोसा त्याने पाहिली नाही. त्याच्यापुढे आले ते बोटीने आलेले झाड किंवा दाबून वाळवलेले फूल. त्यात आणखी गंमत म्हणजे लूरेरोने हे नाव स्त्रीलिंगी धरले होते, पुढच्यांनी ते नपुंसकलिंगी करून टाकले. जुन्या पुस्तकांत मॅक्युलोसम, क्रिस्पम अशी रूपे दिसतात ती त्यामुळे. अलीकडे सगळ्यांना परत स्त्रीलिंगात आणले आहे. एकाच खातेदाराचे नाव तीन वह्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेले असले की कारकुनाचे काय होते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

आमऱ्यांच्या बाबतीत तर हा घोळ अधिकच. वडाचे किंवा सागाचे पान वाळले तरी पान राहते. आमरीचे फूल मांसल असते आणि त्याची सगळी ओळख त्याच्या घडणीत असते. पुढच्या पाकळीचा आकार, तिच्यामागची मधाची नळी, परागांच्या दोन गोळ्या. हे पराग इतर फुलांसारखे भुकटीच्या रूपाने उडत नाहीत. त्यांचे गोळे होतात आणि फुलात शिरलेल्या माशीला ते असे चिकटतात की, पुढच्या फुलापर्यंत सामान पोचलेच पाहिजे. कागदात दाबले की या साऱ्या कारागिरीचा चपटा, तपकिरी डाग होतो. मग तो गरम पाण्यात भिजवून, सुईने उलगडून, भिंगाखाली पाहत बसावे लागते. तेव्हा या झाडांची खरी ओळख करून घ्यायची, तर ती जिथे आहेत तिथे, ती फुलतात त्या दिवसांत जावे लागते.

आणि ती फुलतात कधी? जमिनीवर उगवणाऱ्या आमऱ्या, आपल्या अंजनेरीच्या पठारावर दिसतात तसली पांढऱ्या फुलांची हॅबेनेरिया, यांचे कंद उन्हाळाभर मातीत झोपलेले असतात. पाऊस पडला की वर यायचे, फुलायचे, बी धरायचे आणि पाऊस संपताच पुन्हा नाहीसे व्हायचे. सप्टेंबरनंतर शोधायला गेलेल्याला तिथे काहीच सापडत नाही. म्हणजे आमरीच्या अभ्यासकाने सह्याद्रीत जायचे ते ऐन आषाढ-श्रावणात, जेव्हा शहाणी माणसे घराबाहेर पडत नाहीत.

सांतापावांनी खंडाळा निवडला. मुंबईहून आगगाडीने काही तासांत गाठता येणारा, घाटमाथ्यावरचा, धो धो पावसाचा. तिथे ते एकदा-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षे, सगळ्या ऋतूंत जात राहिले. ज्यांनी पावसाळ्यात घरात कपडे वाळवले आहेत, त्यांना या कामातली यातना सांगायला नको. गोळा केलेली झाडे कागदांच्या घड्यांत दाबायची, ओले कागद रोज बदलायचे, कोरडे कागद आणायचे कुठून ही विवंचना, आणि एक दिवस चुकला की बुरशी. हे सगळे एका खेड्याएवढ्या मुलखासाठी. पण त्यातून १९५३ साली ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ हा ग्रंथ निघाला आणि १९६७ सालापर्यंत त्याची तिसरी आवृत्ती झाली. वनस्पतींच्या याद्यांचे पुस्तक तिसऱ्या आवृत्तीपर्यंत जाते, हे आम्हा कादंबरीकारांनी ध्यानात घेण्यासारखे आहे!

खंडाळ्याचे आणि वनस्पतींचे नाते त्याआधीही होते, आणि ते जरा करुण होते. मुंबईचा उपमहापोस्टमास्तर जॉन ग्रॅहम याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी तयार केली. ती छापून पुरी होण्याआधीच, १८३९ साली, तो खंडाळ्यातच वारला. त्याच्यानंतर १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ आला. मग थिओडोर कुक. हा तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राचार्य. त्याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या सगळ्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. पोस्टमास्तर, डॉक्टर, इंजिनिअर, सगळे आपापली नोकरी सांभाळून झाडांच्या मागे लागलेले. झेवियर्समध्ये सांतापावांच्या आधी होऊन गेले ते स्विस जेझुइट फादर ब्लॅटर. त्यांनी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह १९३१-३२च्या सुमारास इलाख्यातल्या आमऱ्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली आणि १९३४ साली ते निवर्तले. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह झेवियर्समध्ये आजही आहे. सांतापावांच्या हाती आला तो हा वारसा.

पण या सगळ्या थोर मंडळींच्या वह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. एकाच झाडाला दोन नावे, दोन झाडांना एकच नाव, एकाने पाहिलेले दुसऱ्याला कधीच न सापडलेले. सांतापावांचे काम मला एखाद्या कडक तपासनिसासारखे वाटते. प्रत्येक नोंद मुळाशी जाऊन पाहायची, मूळ नमुना पाहायचा, डोंगरात जिवंत झाड पाहायचे, आणि मगच शेरा मारायचा. आमऱ्यांसाठी त्यांना कपाडिया यांची साथ लाभली. दोघांनी मिळून मुंबई राज्यातल्या आमऱ्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखांमागून लेख लिहिले. १९५७ साली पाचगणीच्या एका हॅबेनेरियाला नवी जात म्हणून नाव दिले, हॅबेनेरिया पांचगनिएन्सिस. शेवटी १९६६ साली ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक निघाले. काम चालू असताना १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले, पण पुस्तकाने जुनेच नाव ठेवले. आमऱ्यांना राज्य पुनर्रचनेचे काही कळवलेले नव्हते.

आता या चरित्रातला अवघड भाग. तो टाळला तर फादरांची तसबीर होईल, चरित्र होणार नाही.

सरकारचे वनस्पती सर्वेक्षण खाते, बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया, इंग्रजांनी १८९० साली काढले. पुढे त्याला उतरती कळा लागली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास ते जवळजवळ नावालाच उरले. त्याला पुन्हा उभे करण्यासाठी पंडित नेहरूंनी बोलावले ते डॉ. जानकी अम्मल यांना. तेलिचेरीची ही विदुषी उसाच्या आणि इतर पिकांच्या गुणसूत्रांवरच्या संशोधनासाठी जगभर मानली जात होती. इंग्लंडमधले काम सोडून त्या आल्या आणि पुनर्रचनेच्या कामाला लागल्या. मात्र १९५४ साली मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली ती सांतापावांची. जानकी अम्मल यांना हा अन्याय वाटला आणि तो त्यांनी लपवून ठेवला नाही. त्यांचे दुःख केवळ पदाचे नव्हते. भारतातल्या झाडांचे ज्ञान भारतीयांच्या हाती, भारतीयांच्या दृष्टीने वाढले पाहिजे. क्यूच्या तालमीतला युरोपीय माणूस वर बसवला तर जुनेच चक्र चालू राहील, अशी त्यांची धारणा होती.

मला विचाराल तर त्यांच्या म्हणण्यात वजन होते. ज्या देशात नमुना सह्या परदेशी कपाटांत अडकलेल्या आहेत, त्या देशात हा प्रश्न भावनेचा म्हणून झटकून टाकता येत नाही. शिवाय एका कर्तबगार बाईला बोलावून घ्यायचे आणि खुर्चीच्या वेळी दुसऱ्याकडे पाहायचे, हा अनुभव आपल्या कचेऱ्यांना नवा नाही. पण दुसऱ्या बाजूलाही काही जमा आहे. सांतापावांनी त्या पदावर काय केले हे पाहिले तर ते लंडनचे मुनीम म्हणून वागलेले दिसत नाहीत. १९५५-५६ या दोन वर्षांत कोइमतूर, पुणे, शिलाँग आणि डेहराडून इथे खात्याची प्रादेशिक केंद्रे उभी राहिली, म्हणजे कलकत्त्याबाहेरही इथली झाडे इथेच गोळा होऊन इथेच ठेवण्याची सोय झाली. १९५८ साली, दुर्मीळ होऊन बसलेला कुकचा ग्रंथ खात्याने पुन्हा छापला, तो विद्यार्थ्यांच्या हाती पडला. १९६१ साली ते संचालक झाले आणि १९६७ सालापर्यंत त्या पदावर राहिले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. जानकी अम्मल यांनाही मिळाली, पण दहा वर्षांनी, १९७७ साली. हे दहा वर्षांचे अंतर बरेच काही सांगते.

पुण्याच्या त्या केंद्राचे ऋण नाशिककरांवर थेट आहे. तिथल्या अभ्यासकांनी जिल्हावार पाहण्या हाती घेतल्या आणि १९९१ साली लक्ष्मीनरसिंहन आणि बी. डी. शर्मा यांचा ‘फ्लोरा ऑफ नासिक डिस्ट्रिक्ट’ प्रसिद्ध झाला. सुरगाणा-पेठच्या जंगलापासून येवल्या-नांदगावच्या माळापर्यंत आपल्या जिल्ह्यात काय उगवते, याची ती चोपडी. पुढे अंजनेरीवर सेरोपेजियाची एक नवीच जात सापडली, २००६ साली तिला त्या डोंगराचेच नाव मिळाले, सेरोपेजिया अंजनेरिका. नाव देणारे सगळे इथले अभ्यासक होते. जानकी अम्मल यांना हे पाहून बरे वाटले असते.

फादरांचे लक्ष आमऱ्यांवरच होते असे मात्र नाही. कारवीच्या कुळावर त्यांचा विशेष जीव होता. ज्या कारवीच्या काठ्यांनी आपल्याकडे कूड विणतात, ती सात-आठ वर्षे नुसती वाढते आणि मग एका पावसाळ्यानंतर सगळा डोंगर निळा-जांभळा करून मरून जाते. अशा फुलोऱ्यांच्या नोंदी ते ठेवत राहिले. मुंबईतल्या या कुळावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. सर्वसाधारण वाचकांसाठी नॅशनल बुक ट्रस्टकरिता ‘कॉमन ट्रीज’ हे छोटे पुस्तक १९६६ साली लिहिले. त्याच वर्षी ‘ऑर्किड्स’चा जाडजूड ग्रंथ आलेला! तज्ज्ञांसाठी लिहिणारा माणूस शेजारच्या मुलांसाठीही लिहितो, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही दुर्मीळ आहे.

आमरीच्या एका बोंडात असंख्य बिया असतात, धुळीसारख्या. पण प्रत्येक बी दरिद्री. आईने तिच्याबरोबर शिदोरी बांधून दिलेलीच नसते. सालीवर योग्य जातीची बुरशी भेटली आणि तिने पोसले, तरच ती रुजते. म्हणून रस्त्यासाठी शंभर वर्षांचा आंबा तोडला आणि त्याच्या जागी दहा रोपे लावली, तरी वरची बिऱ्हाडे परत येत नाहीत; त्यासाठी साल जुनी व्हावी लागते. घाटातून येताना कोणी विकायला ठेवलेला झुबका हौसेने घरी आणून गॅलरीत टांगतो, तोही बहुधा दुसरा पावसाळा पाहत नाही.

१३ जानेवारी १९७० रोजी फादर सांतापाव मुंबईत वारले. वय सहासष्ट. त्यांच्या हयातीतच दोन भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी कारवीच्याच कुळातल्या, मदुरेकडच्या एका झाडासाठी नवी प्रजाती काढली होती आणि तिचे नाव ‘सांतापावा’ ठेवले होते. नंतरच्या अभ्यासकांनी मुळाशी जाऊन तपासले तेव्हा त्यांना ते झाड तालिमखान्याच्या, म्हणजे हायग्रोफिला या जुन्या प्रजातीतच बसणारे वाटले. त्यांनी ते तिकडे वर्ग केले आणि ‘सांतापावा’ हे खाते बंद झाले. पाचगणीच्या हॅबेनेरियामागे मात्र सांतापाव आणि कपाडिया ही दोन नावे अजून आहेत.